उत्तरेच्या खिडकीतले बाबलमामा

कुणाच्या दोरीवर निळं कापड वाळत घातलेलं दिसलं की मला अजून हायसं वाटतं. मी रस्त्यात थांबून ते नीट बघून घेते. माझी मुलगी म्हणते, "आई, लोक काय म्हणतील?" लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. ते लोक बाबलमामांच्या शेजारी राहिलेले नाहीत.

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले तेव्हा गिरण्यांच्या संपाला बरीच वर्षं झाली होती. मजल्यावरचे निम्मे पुरुष मिळेल त्या कामाला लागले होते. कुणी भाजीची गाडी लावली होती, कुणी दादरला कुठल्या तरी सोसायटीचा वॉचमन झाला होता. आमच्या शेजारच्या खोलीतले बाबलमामा मात्र खिडकीत स्टूल टाकून बसलेले असायचे आणि मुलांचे व्हिडिओ गेम दुरुस्त करायचे. टीव्हीला जोडायचे ते गेम तेव्हा घराघरांत नवीन आले होते. गेमला वीज पुरवणारा जो चौकोनी डबा असतो तो हमखास जळायचा, कारण मुलं सुट्टीत तो सकाळपासून बंदच करायची नाहीत. मग आई डबा पिशवीत घालून मामांकडे यायची आणि मागून मुलं, तोंडं पाडून.

आमची पहिली भेट भांडणाची. मी दादरच्या एका मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस विकायला होते, तेव्हा रंगांतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. मी नवी साडी नेसून गॅलरीतून चालले होते. मामांनी हातातलं काम थांबवून उघड्या दारातून विचारलं, "गो नलू, ही साडी कुठला रंग म्हणून घेतलीस?"

"जांभळा," मी म्हटलं.

"जांभूळ कधी बघितलं नाहीस काय? ही वांगी आहे. ती पण पाण्यात पडून राहिलेली वांगी."

मला असा राग आला! नावापुरती ओळख, आणि हा माणूस माझ्या साडीला शिळं वांगं म्हणतो. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मग एका सकाळी सहज ती साडी उजेडात धरली, आणि काय सांगू, वांगीच होती, आणि पाण्यात पडलेलीच. तेव्हापासून ती साडी मी कधी आवडीने नेसले नाही. पण दुकानात एखादं गिऱ्हाईक रंगासाठी फारच अडून बसलं की तो तुकडा मी घरी आणून मामांना दाखवायला लागले.

मामा गिरणीच्या रंगखात्यात होते. कापड रंगून निघालं की नमुन्याशी त्याचा रंग जुळतो की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं, हे त्यांचं काम. त्या कामाचे नियम गिरणी बंद झाली तरी त्यांनी सोडले नव्हते. पहिला नियम असा की रंग बघायचा तो उत्तरेच्या उजेडात, आणि दुपारच्या आत. "दिवा लागला की रंग खोटं बोलतो," असं ते म्हणायचे. त्यांच्या खोलीची खिडकी नेमकी उत्तरेला होती आणि ह्या खिडकीचा त्यांना एवढा अभिमान, की जणू ती त्यांनी स्वतः पाडून घेतली असावी. संध्याकाळी कुणी गेमचा डबा घेऊन आलं की ते हातसुद्धा लावायचे नाहीत. पोरं रडायची, आया विनवण्या करायच्या. मामांचं एकच उत्तर, "सकाळी ये." आणि सकाळी आभाळ भरून आलेलं असलं तर, "उद्या ये."

दुसरा नियम डोळा धुण्याचा. म्हणजे पाण्याने नव्हे. खिडकीच्या गजाला त्यांनी मांजरपाटाचा एक पांढरा तुकडा बांधून ठेवला होता, गिरणीतून आणलेला. कुठलाही रंग बघण्याआधी त्या पांढऱ्या कापडाकडे थोडा वेळ टक लावून बघायचं, म्हणजे आधी बघितलेला रंग डोळ्यांतून निघून जातो. रंगखात्यातले सगळेच असं करायचे म्हणे. मामा कापडाकडे बघत बसले की त्यांची बायको, सुलूमामी, चहाचा कप हातात धरून गप्प उभी राहायची. एकदा मी मध्येच बोलले तर तिने मला असे डोळे वटारले, की मामा देवाला बसले आहेत असंच वाटावं.

आता रंगखात्यातला माणूस गेमच्या डब्यात कसा शिरला, तर त्याला कारण कोपऱ्यावरचा रेडिओवाला पिंटो. त्या डब्यात रेझिस्टर नावाची वस्तू असते, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, अंगावर रंगीत पट्टे. प्रत्येक रंगाचा एक आकडा. काळ्याचं शून्य, तपकिरीचा एक, लालचे दोन, असं करत पांढऱ्याचे नऊ. पहिले दोन पट्टे म्हणजे आकडे, तिसरा म्हणजे त्यांच्यापुढे किती शून्यं. पट्टे वाचले की तो रेझिस्टर विजेला किती अडवणार ते कळतं. आणि बिचाऱ्या पिंटोला जन्मापासून लाल, हिरवा आणि तपकिरी हे तिन्ही रंग सारखेच दिसायचे! नवा माल तो मीटर लावून ओळखायचा, पण जळलेल्या रेझिस्टरचा आकडा मीटर सांगत नाही. तिथे पट्टेच वाचावे लागतात, आणि पट्टे तर जळून काळवंडलेले. संपाच्या दिवसांत मामा त्याच्या दुकानापुढे नुसते उभे असायचे. पिंटो हाक मारायचा, "ए बाबल, जरा बघ रे, हा कुठला कलर?" असं करता करता मामा दुकानाच्या आत गेले. पिंटोने त्यांना वितळलेल्या कथलाचा डाग देऊन तारा जोडायला शिकवलं, आणि गेमचे डबे तो सरळ त्यांच्याकडे पाठवायला लागला.

जळका रंग ओळखायची मामांची स्वतःची युक्ती होती. त्यांनी चांगले, नवे रेझिस्टर घेऊन मुद्दाम जाळले. पुठ्ठ्यावर वर चांगला, खाली तोच जळलेला, अशा जोड्या टाचून ठेवल्या. नारिंगी जळला की विटकरी होतो, पिवळा जळला की चहासारखा दिसतो, लाल जळला की तपकिरीची बतावणी करतो. गिरणीत जसं रंगछटांचं शेडकार्ड असायचं तसं हे जळक्यांचं शेडकार्ड. एखाद्या डब्यातला काळा ठिक्कर पडलेला रेझिस्टर ते चिमट्यात धरून उजेडाला न्यायचे, पुठ्ठ्यावरच्या जोड्यांवरून सरकवायचे आणि एका जागी थांबून म्हणायचे, "हा बघ. ह्याचा भाऊ सापडला."

नवा रेझिस्टर मात्र लगेच बसवायचे नाहीत. आधी जुना का जळला, ते शोधायचे. कुठे कंडेन्सर नावाचा भाग निकामी झालेला असायचा, कुठे डायोड नावाचा. "रेझिस्टर आपणहून जळत नाही गो," ते म्हणायचे, "त्याला कोणतरी जाळतो. नुसता रेझिस्टर बदलायचा म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी." हे वाक्य ते ज्या तऱ्हेने म्हणायचे त्यावरून ते रेझिस्टरबद्दलच बोलताहेत की आणखी कशाबद्दल, अशी मला शंका यायची. पण मी विचारलं नाही. संपाचा विषय त्यांच्या घरात कुणी काढत नसे. एकदाच काय ते म्हणाले होते, "खातं गेलं तर गेलं. डोळा माझ्याकडेच आहे."

मीटर त्यांच्याकडेही होता, पिंटोने दिलेला. तो कपाटावर फडक्यात गुंडाळून ठेवला होता. त्याला ते पिंटोची काठी म्हणत. नवा रेझिस्टर बसवण्याआधी मीटर लावून बघ, असं पिंटोने शंभरदा सांगितलं असेल. मामा म्हणायचे, "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

मग एका हिवाळ्यात मामा कापडाबद्दल कुरकुर करायला लागले. मांजरपाट पिवळं पडलं, सुलू नीट धूत नाही. मामीने ते धुतलं. पुन्हा पिवळं. साबण बदलला, उकळत्या पाण्यात टाकलं, तरी पिवळंच. मग मामा म्हणाले, नीळ घाल. मामीने नीळ घातली. "जरा आणखी घाल." भिंतीआडून ही बोलणी मला रोज ऐकू यायची आणि मला हसू यायचं. एवढ्याशा चिंधीचे केवढे लाड!

एका सकाळी मी गॅलरीत केस विंचरत होते. मामीने ते कापड पिळून दोरीवर टाकलं आणि माझा हात तसाच राहिला. कापड चक्क निळं होतं. थोडी झाक वगैरे नव्हे, शाळेच्या शर्टासारखं स्वच्छ आकाशी. मी म्हटलं, "मामी, नीळ किती घातलीत?"

तिने आधी खोलीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "तेंका आता ह्याच पांढरा दिसता. तू बोलू नको हां."

"अहो, पण हे..."

"बोलू नको म्हटलंय ना!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तेंची आवस, माझी सासू, आंधळी होऊन मेली. काचबिंदूनं. कोणी डोळ्याचा नाव काढला तरी ते जेवचे नाय."

मामीला सगळं माहीत होतं आणि ती रोज सकाळी त्या कापडात नीळ कालवत होती. मी दुकानात गेले. दिवसभर कुठलाही निळा तुकडा हातात आला की मी तो गठ्ठ्याखाली सारायची. हा माणूस सकाळी निळ्या कापडाने डोळा धुऊन विजेच्या डब्यांत हात घालतोय, आणि ते डबे लोकांच्या घरी जाताहेत.

मामी म्हणाली म्हणून मी गप्प राहिले असते की नाही, सांगता येत नाही. माझं तोंड तसं फार वेळ बंद राहत नाही. पण तशी वेळच आली नाही. त्याच आठवड्यात वरळी कोळीवाड्यातली जयाबाई आली. ही आमच्या मजल्यावर मासे द्यायची. हिच्या घरच्या गेमचा डबा मामांनी नुकताच दुरुस्त करून दिला होता. त्या दिवशी पाटीत पापलेटांच्या शेजारी, कागदात गुंडाळलेला तोच डबा होता.

"मामा, यो काय केलंस?" ती दारातूनच म्हणाली. "डब्यातशी धूर निंगला. पोरां बोंबलत भायेर आली!"

मामांच्या हातून गेलेला डबा परत येणं ही चाळीत न घडलेली गोष्ट. दारात बायका जमल्या. मामांनी डबा उघडला. जळका वास आणि सोबत मासळीचा वास. त्यांनी स्वतः बसवलेला रेझिस्टर करपून गेला होता. ज्या कागदी पट्टीला तसले रेझिस्टर ओळीने चिकटवलेले येतात, त्यातला पुढचा त्यांनी तोडून घेतला, निळ्या कापडाकडे बघून डोळा धुतला आणि पट्टे वाचले. "लाल, लाल, तपकिरी. दोनशेवीस. हाच घातला होता. बरोबरच घातला होता."

मी पुढे वाकून बघितलं. लाल, लाल आणि काळा. काळा म्हणजे शेवटचं शून्य नाहीच. दोनशेवीसच्या जागी नुसते बावीस. जिथे विजेला चांगलं अडवायला हवं होतं तिथे मामांनी दार जवळजवळ उघडंच ठेवलं होतं.

कुणीतरी पिंटोला बोलावून आणलं होतं. त्याने कपाटावरून मीटर काढला, फडकं झटकलं आणि रेझिस्टरला लावला. काटा बघून पुन्हा एकदा लावला.

"काय सांगतो तुझा काटा?" मामांनी विचारलं.

"बावीस."

"मीटर बिघडलाय."

"नाय रे बाबल."

"बिघडलाय म्हणतो ना! जळक्यात चुकलो असतो तर समजलो असतो. नव्यात कसा चुकेन?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मामांचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं आता ते डबा फेकून देतील. एवढ्यात सुलूमामी गर्दीतून पुढे आली. तिने खिडकीच्या गजावरचं कापड सोडलं, त्यांच्या मांडीवर पसरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "नलू, तू सांग. माझ्यान सांगवना नाय."

मी म्हटलं, "मामा, ह्याचा रंग कुठला?"

"पांढरा. हा काय प्रश्न झाला?"

"मामा, हे निळं आहे. आकाशी निळं. गेले कित्येक दिवस निळं आहे."

त्यांनी जयाबाईकडे बघितलं. "निलाच हाय, मामा," ती म्हणाली. पिंटोने मान हलवली. निळा रंग त्यालासुद्धा दिसत होता.

मामांनी कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. बायका आपापल्या घरी निघून गेल्या. जयाबाईनेही डबा तिथेच ठेवला आणि पाटी उचलली. जाताना एक पापलेट मात्र मामीच्या हातात ठेवून गेली. मग मामा म्हणाले, "आयेचा पण असाच सुरू झालेला."

त्यानंतर ते स्टुलावर बसले नाहीत. पिंटोकडून आलेले डबे त्यांनी परत पाठवले. हातावर हात धरून पलंगावर बसून राहायचे, खिडकीकडे पाठ करून. संपाच्या वेळी ते असे नव्हते बसले, मामी म्हणाली. डोळे दाखवायला चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आधी कळलं काय आणि मागून कळलं काय." शेवटी एके दिवशी मी दुकानात रजा टाकली, मामी एका बाजूला आणि मी दुसऱ्या, असं त्यांना परळच्या इस्पितळात चालवत नेलं. रस्ताभर ते माझ्याशी भांडत होते. मला त्याचंच बरं वाटत होतं.

डॉक्टर तरुण होती. तिने डोळ्यांत थेंब टाकले, थांबवून ठेवलं, मग दिवा लावून बघितलं. मामी माझं मनगट एवढं घट्ट धरून उभी होती की बांगड्या रुतल्या. डॉक्टर म्हणाली, "मोतीबिंदू आहे आजोबा. दोन्ही डोळ्यांत. चांगला पिकलाय, पांढरंसुद्धा पिवळं दिसत असेल. काढून टाकू."

"काचबिंदू नाय?" मामांनी विचारलं.

"नाही, मोतीबिंदू."

"नीट बघा. माझ्या आयेला काचबिंदू होता."

"बघितलं आजोबा. काचबिंदू नाही. ह्याने नजर जात नाही, झाकली जाते. काढला की दिसेल."

मामी तिथेच जमिनीवर बसली. इतके दिवस धरून ठेवलेलं रडू तिला आता आलं. डॉक्टर गोंधळली, तिला वाटलं आपलं काही चुकलं. मी तिला म्हटलं, "रडू द्या हो, चांगली बातमी आहे." आणि मग मीही रडायला लागले. मामा आम्हा दोघींवर ओरडले, "काय चाललंय? लोक बघतात!" पण त्यांचा आवाज जुना झाला होता, साडीला वांगं म्हणणारा.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सोडून घरी आले तो दिवस मला लख्ख आठवतो. सकाळची वेळ होती, पण मामी खिडकीचा पडदा ओढून उभी. उजेड सोसायचा नाही, ती म्हणत होती. खरं म्हणजे तिला भीती वाटत होती. मामांनी पडदा सरकवला, काळा चष्मा काढला आणि मामीने गजाला परत बांधलेल्या कापडाकडे बघितलं. ते बघतच राहिले. मग ऑपरेशनचा डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून बघितलं. पुन्हा हा, पुन्हा तो.

"सुलू," ते म्हणाले, "ह्या कापड निळा कोणी केला गो?"

मामी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही!" आणि अशी हसत सुटली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मामाही हसले. मी गॅलरीत जाऊन ओरडले, "मामांना निळं दिसलं!" आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काय झालं ते त्यांना कुठे ठाऊक होतं, पण वाजवल्या.

दुसरा डोळाही पुढे नीट झाला. मग मामांनी एक काम केलं जे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नजर झाकली होती त्या काळात ज्या ज्या घरी डबे दिले होते, त्या सगळ्या घरी ते स्वतः गेले. खांद्याला पिशवी, पिशवीत पिंटोची काठी. चालू खेळ बंद करायला लावला म्हणून मुलांनी खूप आरडाओरडा केला. मामा डबा उघडायचे, पट्टे वाचायचे आणि वर मीटर लावायचे. सगळे डबे ठीक निघाले. फक्त परळच्या एका घरात तीच चूक होती, पण त्या घरच्या टीव्हीचीच पिक्चर ट्यूब गेल्यामुळे गेम माळ्यावर पडून होता. रेझिस्टर बदलून मामा घरी आले तेव्हा मामीला म्हणाले, "वाढ. भूक लागलीय." सगळ्यांत शेवटी ते कोळीवाड्यात गेले, जयाबाईचा डबा घेऊन. तिने त्यांना खळ्यावरच्या सुक्या बोंबलांची जुडी दिली आणि म्हणाली, "डोलं आलं ना तुजं? मंग झाला तं." ते बोंबील मामीने मलाही दिले.

स्टूल पुन्हा खिडकीत आलं. गजाला मामीने नवीन पांढरं मांजरपाट बांधलं. जुनं निळं मात्र मामांनी टाकू दिलं नाही. ते शेजारच्या गजाला बांधलं. आता सकाळी आधी ते निळ्याकडे बघायचे आणि मामीला विचारायचे, "निळाच आहे ना?" मामी चुलीजवळूनच, न बघता म्हणायची, "निळाच." मग पांढऱ्याकडे बघून डोळा धुवायचा, मग काम. आणि नवा रेझिस्टर हातात घेतला की पट्टे वाचून झाल्यावर मीटर. पिंटो चिडवायचा, "काय बाबल, आता काकणाला आरसा?" मामा म्हणायचे, "असू दे. दोन साक्षीदार बरे."

आम्ही ती चाळ सोडली तेव्हा सामानाचा टेम्पो खाली उभा होता. मी सगळ्यांचा निरोप घेऊन उतरले होते, पण टेम्पोत बसताना राहवेना म्हणून वर बघितलं. खिडकीत मामा होते. गजाला दोन कापडं, एक पांढरं आणि एक निळं. मामांनी निळ्याचं टोक बाहेर काढून हलवलं आणि ओरडले, "नलू! रंग कुठला?"

"निळा!" मी खालून ओरडले.

"निळा म्हणजे? एवढी वर्षं शेजारी राहून निळा?"

टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. मी तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडले, "मामीच्या हातून नीळ जास्त झालेला!"

मामांनी कापड उजेडात धरलं, डोळे बारीक करून बघितलं आणि मान डोलावली.